सेतूवरील सत्ता : विंडसर-डेट्रॉइट पूल प्राधिकरणाचा पूर्वेतिहास

‘डेट्रॉइट’ या शब्दाचा मूळ फ्रेंच अर्थ अरुंद जलमार्ग, सामुद्रधुनी, असा आहे. इ. स. १७०१ मध्ये कॅडिलॅक या फ्रेंच अधिकाऱ्याने सेंट क्लेअर सरोवर व ईरी सरोवर यांना जोडणाऱ्या प्रवाहाच्या काठी गढी बांधली, तेव्हा त्या गढीला जलमार्गावरूनच नाव मिळाले. पुढे गढीचे नाव नगराला चिकटले. त्यापूर्वी अनिशिनाबे लोक या स्थळाला ‘वावियातानोंग’ म्हणत. त्या नावात काठाच्या वळणाचा निर्देश आहे. दोन्ही नावे पाण्याकडे पाहून ठेवलेली आहेत आणि दोहोंतही सीमेचा मागमूस नाही. सीमा नंतर आली. ती आली तीही चमत्कारिक रीतीने : या ठिकाणी नदीच्या वळणामुळे कॅनडाचा भाग दक्षिणेस व अमेरिकेचा भाग उत्तरेस पडतो, म्हणून डेट्रॉइटहून कॅनडातील विंडसरला जाणारा माणूस दक्षिणेकडे जातो.

या नदीवर पूल बांधणे हा अभियांत्रिकीचा प्रश्न फार लवकर सुटला. मात्र पूल कोणी बांधावा, त्यावर सत्ता कोणाची असावी आणि पथकर कोणाच्या तिजोरीत जावा, हा प्रश्न सुटण्यास जवळजवळ नव्वद वर्षे लागली. ९ ऑक्टोबर २०१२ रोजी कॅनडाने स्थापन केलेले विंडसर-डेट्रॉइट पूल प्राधिकरण हे त्या प्रश्नाचे एक उत्तर आहे. ते उत्तर समजून घ्यावयाचे तर प्रथम ज्या पुलामुळे प्रश्न निर्माण झाला त्याकडे वळले पाहिजे.

विसाव्या शतकाच्या आरंभी नदी ओलांडण्याचे साधन म्हणजे नावा. १९१० मध्ये रेल्वेचा बोगदा झाला, परंतु मोटारींसाठी मार्ग नव्हता. आणि डेट्रॉइट हे तर मोटारींचेच नगर होऊ लागले होते. १९२१ मध्ये अमेरिकन काँग्रेस व कॅनडाची संसद या दोघींनीही खाजगी कंपन्यांना पूल बांधण्याची सनद दिली. सरकारी पैशाने असा पूल बांधावा, असा विचार त्या काळी फारसा बलवान नव्हता. पैसा उभारणारा पुरुष भेटला तो जोसेफ बोवर. त्याने रोखे विकले आणि मॅक्लिंटिक-मार्शल या कंपनीकडून बांधकाम करून घेतले. डेट्रॉइटच्या महापौराचा खाजगी पुलास विरोध होता. प्रकरण १९२७ मध्ये नगरातील मतदारांपुढे गेले आणि मतदारांनी प्रचंड बहुमताने पुलाच्या बाजूने कौल दिला. मतदारांना पूल हवा होता. तो कोणाचा असेल याची चिंता त्यांनी केली नाही, आणि त्याबद्दल त्यांना दोष देणे सोपे असले तरी न्याय्य नाही. नदीपलीकडे जाण्यासाठी नावेची वाट पाहणाऱ्या माणसाला मालकीचे तत्त्वज्ञान सुचत नाही.

बांधकामात एक विलक्षण प्रसंग घडला. झुलत्या पुलाचे दोर विणण्यासाठी उष्णतेचा संस्कार केलेली नव्या पद्धतीची तार वापरली होती. अशाच तारेच्या दुसऱ्या एका पुलावर तारा तुटू लागल्याचे १९२९ च्या आरंभी दिसून आले. तेव्हा येथील दोर उतरवून जुन्या, थंड ओढलेल्या तारेचे दोर पुन्हा विणण्यात आले. एवढे होऊनही पूल मुदतीच्या आधी पूर्ण झाला व नोव्हेंबर १९२९ मध्ये वाहतुकीस खुला झाला. त्याचा मधला गाळा १८५० फुटांचा, म्हणजे सुमारे ५६४ मीटरांचा होता. १९३१ मध्ये न्यूयॉर्कचा जॉर्ज वॉशिंग्टन पूल होईपर्यंत एवढा लांब गाळा जगात अन्यत्र नव्हता. पुलाचे नाव ‘अँबॅसडर’, अर्थात् राजदूत. दोन नगरांची नावे जोडून होणारे लांबलचक नाव बोवरला नको होते. राजदूत हा एका राज्याचा दुसऱ्या राज्यातील प्रतिनिधी. पण या राजदूताला नेमणारे राज्यच नव्हते, त्याला भागधारकांनी नेमले होते. ही विसंगती त्या वेळी कोणास जाणवली असेल असे वाटत नाही.

पूल उघडला तो नेमका शेअरबाजार कोसळल्यानंतर काही आठवड्यांनी. पुढील वर्षी नदीखालून मोटारींचा बोगदाही झाला. मंदीच्या तडाख्यात कंपनी कर्जाखाली दबली. येथे शेजारच्या एका पुलाची हकीकत मुद्दाम पाहण्याजोगी आहे. ईरी सरोवराच्या दुसऱ्या टोकाशी, नायगारा नदीवर, बफेलो व फोर्ट ईरी यांना जोडणारा ‘शांतता पूल’ १९२७ मध्ये खुला झाला होता. तोही कंपनीनेच बांधला होता आणि तिलाही मंदीने ग्रासले. परंतु तेथे १९३३ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या विधिमंडळाने पूल एका सार्वजनिक प्राधिकरणाकडे सोपविला व पुढे दोन्ही देशांचे प्रतिनिधी त्याच्या मंडळावर समसमान बसू लागले. एकाच सरोवराच्या दोन टोकांना, एकाच मंदीत, दोन कंपन्या अडचणीत आल्या. एकीचा पूल सार्वजनिक झाला आणि दुसरीचा खाजगीच राहिला. या फाट्यापासून पुढचा सारा इतिहास निराळा होतो.

‘प्राधिकरण’ या शब्दाविषयी थोडे विषयांतर येथे क्षम्य ठरावे. इंग्रजीतील ‘ऑथॉरिटी’ हा शब्द मुळात सत्ता किंवा अधिकार या भाववाचक अर्थाचा. संस्थेचे नाव म्हणून तो रूढ झाला तो १९०८ च्या कायद्याने निर्माण झालेल्या लंडन बंदराच्या प्राधिकरणापासून. त्या कायद्याच्या मसुद्यात कलमामागून कलम ‘यान्वये अधिकार देण्यात येत आहे’ अशा शब्दांनी सुरू होत असल्यामुळे संस्थेस तेच नाव पडले, अशी आख्यायिका सांगतात. १९२१ मध्ये न्यूयॉर्क व न्यूजर्सी या दोन राज्यांनी मिळून बंदराचे प्राधिकरण स्थापन केले तेव्हा तो शब्द अटलांटिक ओलांडून गेला. तत्पूर्वी अशा कामासाठी ‘ट्रस्ट’ हा शब्द चाले. मुंबईचे बंदर १८७३ पासून ट्रस्टकडे होते आणि २०२१ च्या कायद्याने तेही ‘ऑथॉरिटी’ झाले. अर्थच्छटेतील हा पालट लहान नाही. ट्रस्ट म्हणजे कोणाचा तरी ठेवा सांभाळणारा. प्राधिकरण म्हणजे ज्याच्या हाती अधिकार आहे तो. मराठीने ‘अधिकरण’ या जुन्या शास्त्रीय शब्दाला ‘प्र’ लावून जो शब्द घडविला, त्यात आधार अथवा आश्रयस्थान ही कल्पनाही दडलेली आहे. व्याकरणात अधिकरण म्हणजे क्रियेचा आधार. पुलाच्या संदर्भात हा अर्थ अनपेक्षितपणे समर्पक ठरतो.

डेट्रॉइटकडे परत यावयाचे म्हणजे १९७९ सालाकडे यावयाचे. त्या वर्षी मालमोटारींच्या धंद्यातील धनिक मॅन्युएल मोरून यांनी पुलाच्या कंपनीवर ताबा मिळविला. २०२० मध्ये त्यांचे निधन झाले व मालकी त्यांच्या कुटुंबाकडे राहिली. ही खरेदी झाली तेव्हा तिचे महत्त्व कोणास कळले असेल? १९६५ च्या करारामुळे मोटारी व त्यांचे सुटे भाग सीमेवरून जकातीवाचून ये-जा करू लागले होतेच. १९८९ चा कॅनडा-अमेरिका मुक्त व्यापार करार आणि १९९४ चा मेक्सिकोसह झालेला करार यांनी या वाहतुकीला पूर आणला. दोन देशांमधील एकूण मालव्यापारापैकी सुमारे चतुर्थांश या एका चौपदरी पुलावरून जाऊ लागला. एका देशात ओतलेला भाग दुसऱ्या देशात कातला जाई आणि पुन्हा पहिल्या देशात जोडला जाई. कारखान्यांनी साठा ठेवणे सोडून दिले होते. पुलावरील मालमोटार हीच त्यांची कोठी झाली होती.

सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर सीमेवरील तपासणी कडक झाली आणि मालमोटारींच्या रांगा कित्येक किलोमीटर लांबल्या. सुटे भाग न पोहोचल्याने कारखाने थांबले. तेव्हा सर्वांच्या एकदम ध्यानात आले की, दोन राष्ट्रांचा एवढा व्यवहार १९२९ मधील एका बांधकामावर, आणि तोही एका कुटुंबाच्या मालकीच्या बांधकामावर, अवलंबून आहे. शिवाय कॅनडाच्या बाजूस महामार्ग थेट पुलापर्यंत पोहोचत नव्हता. अवजड वाहनांना विंडसरच्या रस्त्यांवरून, एकामागून एक सिग्नल ओलांडीत, शाळा व घरांजवळून जावे लागे. विंडसरकरांचे गाऱ्हाणे धूर आणि गोंगाट यांचे होते, व्यापाराच्या आकड्यांचे नव्हते. दोन्ही गाऱ्हाणी पुढे एका मागणीत मिसळली हे खरे. पण ती मूळची एक नव्हती.

कॅनडा, अमेरिका, ऑन्टॅरिओ प्रांत आणि मिशिगन राज्य या चौघांनी मिळून नव्या मार्गाचा अभ्यास हाती घेतला. अनेक जागा पाहून झाल्यावर डेट्रॉइटमधील डेलरे व विंडसरमधील ब्रायटन बीच या वस्त्यांमधील मार्ग निश्चित झाला आणि २००९ मध्ये दोन्ही बाजूंची पर्यावरणीय मान्यता मिळाली. कंपनीची योजना वेगळीच होती : आपल्याच पुलाशेजारी आपलाच दुसरा पूल बांधावा. त्यासाठी तिने विंडसरच्या सँडविच भागात घरे विकत घेतली. ती वर्षानुवर्षे फळ्या मारून ओसाड पडून राहिली. कंपनीचा युक्तिवाद दुर्बल नव्हता. आम्ही स्वतःच्या पैशाने पूल बांधावयास तयार असताना सरकारने करदात्यांचा पैसा का घालावा, असे ती विचारी. आणि १९२१ च्या सनदेने या ठिकाणी पथकर घेण्याचा अनन्य हक्क आपणास दिला आहे, असेही म्हणे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर राजकीय होते. दुसऱ्याचे न्यायालयीन होते; ते कंपनीच्या विरुद्ध गेले. २०१८ मध्ये वॉशिंग्टन येथील संघीय अपील न्यायालयाने तिचे म्हणणे फेटाळले.

राजकीय उत्तर मिळण्याचा मार्ग मात्र वाकडा होता. मिशिगनच्या विधिमंडळाने पुलास संमती द्यावी असा प्रयत्न प्रथम ग्रॅनहोम व नंतर स्नायडर या दोन्ही गव्हर्नरांनी केला. त्या भिन्न पक्षांच्या असूनही या बाबतीत एकमत होत्या व होते, हे विशेष. मिशिगनच्या वाट्याचे ५५ कोटी डॉलर आपण आगाऊ देऊ, असे कॅनडाने २०१० मध्येच कळविले होते. तरीही ऑक्टोबर २०११ मध्ये सिनेटच्या समितीतच विधेयक अडले. तेव्हा स्नायडर यांनी विधिमंडळाला वळसा घातला. राज्यातील सार्वजनिक संस्थांना परस्परांशी व राज्याबाहेरील शासनसंस्थांशी सहकार्याचे करार करू देणारा १९६७ चा एक कायदा मिशिगनच्या संहितेत होता. त्याच्या आधारे १५ जून २०१२ रोजी स्नायडर व कॅनडाचे पंतप्रधान हार्पर यांच्या उपस्थितीत ‘क्रॉसिंग करार’ झाला.

येथे एक घटनात्मक पेच आहे. अमेरिकेच्या राज्यघटनेनुसार कोणत्याही घटक राज्यास काँग्रेसच्या संमतीवाचून परकीय सत्तेशी करार करता येत नाही. मग मिशिगनने कॅनडाशी करार केला कसा? उत्तर १९७२ च्या आंतरराष्ट्रीय पूल अधिनियमात आहे. कॅनडा किंवा मेक्सिको यांच्याशी पुलासाठी करार करण्यास काँग्रेसने राज्यांना त्यात आगाऊच संमती देऊन ठेवली होती. प्रत्यक्ष पुलासाठी मात्र राष्ट्राध्यक्षांचा परवाना आवश्यक होता. तो १२ एप्रिल २०१३ रोजी मिळाला. अशा रीतीने चाळीस आणि पंचेचाळीस वर्षांपूर्वीचे दोन विस्मृतप्राय कायदे एकत्र जुळून आले आणि विधिमंडळाने नाकारलेली गोष्ट वैध ठरली. विधिमंडळाला असे टाळणे लोकशाहीच्या दृष्टीने कितपत प्रशस्त, हा प्रश्न मिशिगनमध्ये तेव्हा विचारला गेला, आणि तो केवळ कंपनीच्या हितचिंतकांनीच विचारला असे नाही.

त्याचे एक उत्तर मतपेटीतून मिळाले. मतदारांच्या संमतीवाचून नवा आंतरराष्ट्रीय पूल होऊ नये, अशी घटनादुरुस्ती नोव्हेंबर २०१२ मध्ये जनतेपुढे ठेवण्यात आली. तिच्या प्रचारावर कंपनीच्या बाजूने तीन कोटी डॉलरहून अधिक खर्च झाला. सुमारे साठ टक्के मतदारांनी ती नाकारली. १९२७ मध्ये खाजगी पूल मतदारांच्या कौलाने तरला होता. पंचाऐंशी वर्षांनी मतदारांच्याच कौलाने सार्वजनिक पुलाचा मार्ग मोकळा झाला.

करारातून जी रचना निघाली ती दोन मजली आहे. खालच्या मजल्यावर विंडसर-डेट्रॉइट पूल प्राधिकरण : हे कॅनडाचे क्राउन कॉर्पोरेशन, म्हणजे पूर्णतः शासनाच्या मालकीचे परंतु स्वतःचे संचालक मंडळ असलेले निगम. पुलाचे संकल्पन, बांधकाम, वित्तव्यवस्था, चालन व देखभाल यांची जबाबदारी त्याची. वरच्या मजल्यावर सहा सदस्यांचे आंतरराष्ट्रीय प्राधिकरण : तीन मिशिगनचे, दोन कॅनडाचे व एक स्वतः पूल प्राधिकरणाने नेमलेला. त्याचे काम देखरेखीचे व प्रमुख टप्प्यांना मान्यता देण्याचे. म्हणजे पैसा व कर्तृत्व एका देशाचे आणि देखरेख दोघांची समसमान. मालकी कॅनडा व मिशिगन यांची संयुक्त; परंतु मिशिगनने एक डॉलरही द्यावयाचा नाही, आणि कॅनडाने केलेला खर्च पथकरातून वसूल होईपर्यंत उत्पन्नातही वाटा मागावयाचा नाही. २०१५ मध्ये तर अमेरिकेच्या बाजूच्या सीमाशुल्क तपासणी नाक्याचा खर्चही कॅनडाने पत्करला. सार्वभौम राष्ट्राच्या भूमीवर त्याचेच सीमाशुल्क गोळा करण्यासाठी शेजारी राष्ट्राने इमारती बांधून द्याव्या, याला आधीचा दाखला शोधू गेल्यास श्रम पडतील. यात कॅनडाचे औदार्य पाहणे भाबडेपणाचे ठरेल. ज्याचा निर्यातव्यापार एका पुलावरून जातो त्याला दुसरा पूल स्वस्तच असतो.

पूल प्राधिकरण ‘सार्वजनिक’ म्हणजे नेमके काय, हे तपासताना दोन गोष्टी दृष्टीआड करता येत नाहीत. डिसेंबर २०१२ मध्ये कॅनडाच्या संसदेने या पुलासाठी एक खास कायदा केला व काही पर्यावरणीय आणि इतर कायद्यांच्या प्रक्रियेतून पुलास सूट दिली. हेतू उघड होता : खटल्यांच्या मालिकेत पूल अडकू नये. परंतु ज्या पुलाचा सारा नैतिक आधार सार्वजनिकतेचा, त्यालाच सार्वजनिक कायद्यांतून मोकळीक द्यावी लागली. दुसरी गोष्ट अशी की, बांधकाम प्राधिकरणाने स्वतः केले नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये खाजगी कंपन्यांच्या एका समूहाशी ५७० कोटी कॅनेडियन डॉलरांचा करार झाला. त्यात बांधकामाबरोबरच पुढील तीस वर्षांची देखभालही आली. टीकाकारांनी म्हटले की, खाजगी पूल टाळण्यासाठी निघालेले प्रकरण पुन्हा खाजगी हाती गेले. ही टीका अर्धीच खरी आहे. कंत्राटदार पुलाचा मालक होत नाही आणि पथकराचा दर ठरविण्याची सत्ताही प्राधिकरणाचीच राहते. जुन्या पुलावर या दोन्ही गोष्टी भागधारकांच्या हाती होत्या.

डेलरेविषयी मात्र सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण पुलाच्या इतिहासात या वस्तीचा उल्लेख बहुधा एका ओळीत उरकला जातो. पूर्वी या गावाचे नाव बेलग्रेड होते. मेक्सिकोच्या युद्धावरून परतलेल्या एका सैनिकाने तेथे पाहिलेल्या गावाचे नाव सुचविले व १८५१ मध्ये ते बदलले, असे परंपरा सांगते. स्पॅनिशमधील ‘राजाचे’ या अर्थाचे शब्द इंग्रजी उच्चारात रुळून डेलरे झाले. १९०६ मध्ये हे गाव डेट्रॉइटमध्ये विलीन झाले आणि हंगेरीहून आलेल्या कामकऱ्यांची ती मोठी वसाहत झाली. त्यांचे होली क्रॉस चर्च याच वस्तीतले. पुढे कारखाने, सांडपाणी शुद्धीकरण केंद्र, महामार्ग यांनी वस्ती कुरतडली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हजारोंनी गजबजलेली ही वस्ती पुलाची जागा ठरली तेव्हा अगदी विरळ झाली होती, आणि ‘येथे फारसे कोणी राहत नाही’ हे जागेच्या निवडीतील एक सोयीचे कारण ठरले. आधी वस्ती रिकामी होऊ द्यावयाची आणि मग ती रिकामी आहे म्हणून घ्यावयाची, हा न्याय डेलरेपुरता मर्यादित नाही. येथे एवढे वेगळे घडले की, रहिवाशांनी संघटित होऊन पुलाला सरसकट विरोध करण्याऐवजी पुलाकडून काय मिळाले पाहिजे याची मागणी लावून धरली. प्राधिकरणाच्या कंत्राटात स्थानिकांसाठी काम, प्रशिक्षण व दोन्ही काठांवरील वस्त्यांच्या सुधारणेसाठी २ कोटी कॅनेडियन डॉलर यांची तरतूद झाली. जी घरे गेली ती त्याने परत आली नाहीत. पण खाजगी कंपनीने विकत घेऊन ओसाड ठेवलेल्या घरांबद्दल सँडविचच्या रहिवाशांना जाब विचारण्यास मंडळच नव्हते. डेलरेच्या लोकांना ते होते.

मे २०१५ मध्ये पुलाचे नाव जाहीर झाले : गॉर्डी होव आंतरराष्ट्रीय पूल. होव हे कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतात जन्मलेले आणि १९४६ ते १९७१ अशी पंचवीस वर्षे डेट्रॉइटच्या संघाकडून खेळलेले आइस हॉकीपटू. एका काठाने जन्म दिला, दुसऱ्याने कीर्ती. राजनीतिज्ञाचे नाव एका देशाचे झाले असते. खेळाडूचे दोघांचे झाले. नाव निवडणाऱ्यांची ही चतुराई मान्य केली पाहिजे. ‘राजदूत’ हे पदाचे नाव होते, हे माणसाचे आहे.

प्रत्यक्ष काम ऑक्टोबर २०१८ मध्ये सुरू झाले. पूल तारांवर तोललेल्या प्रकारचा. मनोरे २२० मीटर उंच, मधला गाळा ८५३ मीटर, एकूण लांबी सुमारे अडीच किलोमीटर, सहा पदर आणि शिवाय पादचारी व सायकलस्वार यांचा स्वतंत्र मार्ग. नदीतून मोठी जहाजे जात असल्याने पाण्यात एकही खांब नाही आणि पुलाखाली ४६ मीटर मोकळी जागा आहे. पोलाद दोन्ही देशांचे चालावे, अशी सवलत अमेरिकन शासनाने दिली. पूल २०२४ च्या अखेरीस पुरा व्हावयाचा होता. महासाथीने वेळापत्रक विस्कटले, मुदत लांबली व खर्चाचा आकडा ६४० कोटी कॅनेडियन डॉलरांवर गेला. दोन्ही मनोऱ्यांकडून निघालेले पथ नदीवर एकमेकांकडे सरकत गेले आणि जून २०२४ मध्ये मध्यावर जोडले गेले. तो जोड जेथे बसला तेथे पाण्यावरची सीमारेषा खालून जाते, आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या पुलाचा हिशेब विंडसर येथील एकाच कार्यालयात ठेवला जातो.